डावा पीळ

बसा, मदाम एकबाल. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय दगा देतो. इकडे खुर्चीवर बसा. लाइट गेलीय, समुद्राकडून दर हिवाळ्यातलं ते कासिमचं वादळ आलंय, आणि ट्रामच्या रुळांवर घोट्याएवढं पाणी आहे. हे जरा ओसरलं की मी पेटी उचलतो आणि तुमच्याबरोबर येतो. तोवर चहा घ्या. ग्लास गरम आहे, रुमालात धरा. हा कंदील थोडा मोठा करतो.

धुण्याच्या मशीनचं झाकण उघडत नाही, एवढंच ना? मग काळजी सोडा. झाकणाचं लॉक सासूसारखं असतं, काही कारण नसताना अडून बसतं. नवं महाग वाटत असेल तर त्या डब्यात जुनी चांगली लॉकं आहेत, त्यातलं एक बसवून देतो.

नाही, ते नाही. ते खिळ्याला टांगलेलं विकायचं नाही. बिघडलेलं? छे! त्यात काडीचाही बिघाड नाही, हीच तर पंचाईत आहे.

तुम्ही या भागात नव्या, म्हणून विचारलंत. बाकी अख्ख्या करमूझमध्ये ते लॉक कुणी मागत नाही. सांगतो सगळं. मध्ये उठायचं नाही. भीती वाटली तर खुशाल वाटू द्या, माझीही पाचावर धारण बसली होती.

माझी एक बहीण होती, सनीया. माझ्याहून मोठी, आणि आई गेल्यावर माझी आईच. तिच्याकडे तांब्याचं मोठं घंगाळं होतं. सकाळी त्यात कपडे धुवायची, आणि संध्याकाळी गल्लीत कुणाचं लग्न असलं की तेच घंगाळं पालथं घालून बडवायची. ढोलकीवाले असायचेच, पण लोक ताटकळायचे ते सनीयाच्या घंगाळ्यासाठी. बाई डावखुरी. तिचा ठेका असा: दुम... तक-तक... दुम... आणि शेवटचा तक ती रोखून धरायची. सगळ्या बायका हात वर करून उभ्या, नवरदेवाचाही श्वास अडकलेला, आणि मग ती हसत हसत तो एक तक द्यायची. त्या एका तकावर म्हातारेकोतारेसुद्धा नाचायला लागायचे. अलेक्झांड्रियात तसा तक दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हता, लिहून घ्या माझ्याकडून.

ओली चादर पिळायची झाली की मला हाक यायची. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी उजव्या हाताचा, ती डाव्या. दोघंही आपापल्या सवयीने मनगट वळवायचो आणि चादर नुसती गोल गोल फिरायची, पोरींच्या उड्यांच्या दोरीसारखी. थेंबभर पाणी गळायचं नाही. मग पाठीत धपाटा मलाच. शेवटी मी डावा पीळ शिकलो. तेव्हापासून ती मला चिडवायची, "शौकी, आता तुझं काही खरं नाही. उजव्या हाताची बायको केलीस तर तुझ्या घरात कपडे वाळायचे नाहीत. तुझ्यासाठी डावखुरीच शोधावी लागणार. आणि ऐकून ठेव, माझ्यावर दोन लग्नं बाकी आहेत. एक रदवाचं आणि एक तुझं. ती दोन वाजवल्याशिवाय मी इथून हलत नाही."

रदवा तिची एकुलती एक लेक. आणि मी असा, सडाफटिंग.

पण सनीया हलली. रमजानच्या आधी, झोपेतच. दोन्ही लग्नं वाजवायची राहिली.

रदवाचा नवरा वाएल जहाजावर काम करतो. जहाज सुटायच्या आत लग्न उरकायचं होतं, त्यामुळे वर्ष सरायची वाट बघणं शक्य नव्हतं. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, कुणी जीभ लवलवत आनंदाची आरोळी, तो जगरूता, द्यायचा नाही. रदवाची आत्या अत्तियात, म्हणजे तिच्या बापाची बहीण, तिने तर फर्मानच काढलं: लग्न होईल, पण मुक्याने. ही अत्तियात सनीयाशी जन्मभर भांडली, मिठावरून, पडद्यावरून, भांडायला काही नसलं तर हवेवरून. आणि सनीया गेली तेव्हा सगळ्यांपेक्षा जास्त हीच रडली. तेव्हापासून अंगावरचं काळं उतरवलं नाही. तिला कोण समजावणार? रदवाने मान खाली घातली आणि एकच मागितलं. आईची शाल. पांढऱ्या जाळीवर चांदीच्या बारीक पट्ट्या गुंफलेली, अस्यूतची. सनीयाने स्वतःच्या लग्नात पांघरलेली. पोरगी मला म्हणाली, "मामा, आईचा आवाज नसेल माझ्या लग्नात. निदान तिची शाल तरी खांद्यावर असू दे."

लग्नाच्या आदल्या दिवशी नव्या घरात सामान लावायला बायका जमल्या. दुपार होती, आणि हाच असा पाऊस. मला रदवाचा फोन आला. रडत होती. म्हणाली, मामा ये, आईची शाल मशीनमध्ये गेली.

झालं होतं असं. मशीन म्हणजे रदवाच्या रुखवतातलं, माझ्याच ओळखीने घेतलेलं, कोरं करकरीत. अत्तियातने नव्या चादरींची खळ काढायला म्हणून गाठोडं उचललं आणि सगळं त्यात कोंबून मशीन लावून दिलं. शाल एका चादरीत गुंडाळून ठेवली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. रदवाला कळलं तेव्हा मशीन पाणी भरून घुसळायला लागलं होतं. तिने धावत जाऊन बंद केलं. झाकण मात्र उघडेना. मशीनने एकदा गरागरा फिरून पाणी झाडलं असतं, तर त्या जाळीच्या चिंध्या झाल्या असत्या.

मी पोचलो तेव्हा इमारतीतली लाइटही गेलेली. बाहेरच्या खोलीत बायका ओळीने बसल्या होत्या, कुणी उशांना अभ्रे घालतंय, कुणी पेले पुसतंय, आणि सगळ्या अशा गप्प की लग्नघर की सुतकघर कळू नये. न्हाणीघराला खिडकी नाही. रदवाने बादलीवर मेणबत्ती लावून ठेवली होती. मी म्हटलं, "एवढंच? ही तर पाच मिनिटांची गोष्ट." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी प्लग काढला. प्लग काढून थोडं थांबलं की लॉक निवतं आणि आपोआप सुटतं, तुम्हीही घरी हेच करून बघायला हवं होतं. सुटलं नाही. मग विचार केला, आत पाणी आहे तोवर लॉक सोडत नसेल. पाण्याची नळी खाली घेतली, मोरीच्या जाळीवर धरली. पाणी कोमट होतं, म्हणून आधी म्हटलं, "दस्तूर, मालकहो." मोरीत गरम पाणी ओतायच्या आधी खालच्यांची, म्हणजे तिथल्या जिनांची, परवानगी मागायची, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तेवढ्यात दारात उभ्या अत्तियातचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूच म्हणाली, "शौकी... मी सकाळी उकळतं पाणी ओतलं. आणि दस्तूर म्हणायचं राहिलं माझ्याकडून."

झालं! बाहेर बायकांत कुजबुज सुरू झाली. खालचे चिडले, त्यांनी झाकण धरलं. कुणी साखर आणली, जाळीभोवती टाकली, माफी मागितली. मी हसलो. अहो, मी उस्ता, कारागीर माणूस, लॉक लागलंय ते भुतांमुळे असं म्हटलं तर उद्या दुकानावर कोण येईल?

पाणी सगळं गेलं. झाकण तसंच. मग मशीनच्या खोक्याची प्लॅस्टिकची पट्टी घेतली, झाकणाच्या फटीतून सरकवली, आत लॉकची जीभ असते ती मागे ढकलली. टक् झालं. झाकण बोटभर वर आलं. मेणबत्तीच्या उजेडात आत चांदी चमकली, रदवा "आई गं" म्हणाली, आणि झाकण माझ्या बोटांवर दाणकन बसलं. परत टक्. लॉक लागलं.

मदाम, प्लग माझ्या खिशात होता म्हणा ना. वायर जमिनीवर पडलेली. विजेशिवाय ती जीभ हलत नाही. हलूच शकत नाही.

अत्तियात म्हणाली, फोड ते झाकण. रदवा म्हणाली, नको, उद्या लग्न आणि आज घरातली वस्तू फोडायची? शिवाय वाएलची आई, हाज्जा इन्साफ, घर बघायला यायला निघाली होती. सुनेच्या रुखवतातलं मशीन पहिल्याच दिवशी फुटलेलं बघून ती काय म्हणाली असती? मी म्हटलं, थांबा, लॉकच काढतो. झाकणाशेजारच्या पट्टीखाली असतं ते. स्क्रू काढले, पट्टी उचलली, तारा सोडवल्या, आणि लॉक काढून तळहातावर घेतलं. हे, हेच ते, खिळ्यावरचं.

आता झाकणाला धरून ठेवणारं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मी झाकण ओढलं.

हललं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं, मशीन जागचं सरकलं, झाकण नाही. लॉक माझ्या हातात आणि झाकण बंद. पावसाचा आवाज येत होता, पण तो फार लांबून आल्यासारखा. आणि वास यायला लागला. मशीनमध्ये पावडर टाकली होती, गुलाबाच्या वासाची. हा वास वेगळा होता. निळीचा, आणि ऑलिव्हच्या साबणाचा. त्या साबणाने आता कोण कपडे धुतं? रदवाने माझी बाही घट्ट धरली.

मग माझ्या तळहातावर ते लॉक हललं. टुक... टक-टक... टुक...

आणि थांबलं.

मी वाट बघत राहिलो. का वाट बघतोय ते मला कळत नव्हतं, पण माझा श्वास अडकला होता. पुन्हा तेच. टुक... टक-टक... टुक... आणि पुन्हा शेवटचा घास गिळून टाकल्यासारखी शांतता. तारा सोडवलेला तो चिमूटभर तुकडा, आणि माझ्या हातावर ठेका धरतोय.

मी रदवाकडे बघितलं. तिचे डोळे एवढाले झाले होते. पण मदाम, भीतीने नाही. ती हसत होती. गालांवरून पाणी वाहतंय आणि पोरगी हसतेय.

"मामा... शेवटचा तक अडवलाय."

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे सनीयाचं घंगाळं होतं. अत्तियातने ते कांदे-बटाटे ठेवायला म्हणून घरात येऊ दिलं होतं, एरवी नसतं. रदवाने कांदे जमिनीवर ओतले, घंगाळं न्हाणीघराच्या दारात आणून पालथं घातलं आणि समोर मांडी घालून बसली. अत्तियात आडवी आली. "रदवा, वर्ष झालं नाही अजून. लोक काय म्हणतील? हाज्जा इन्साफ जिन्यात असेल..."

"आत्या, मोरीतल्यांना दस्तूर विचारायचा म्हणतेस ना? मग आईला कुणी विचारलं होतं, तिला मुकं लग्न हवंय का म्हणून?"

अत्तियात बाजूला सरकली. मी तिला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच.

रदवाने घंगाळ्यावर हात मारला. दुम. बाहेर एक पेला कुणाच्या तरी हातून पडला. तक-तक. दुम. पोरगी उजव्या हाताची, ठेका जरा अडखळला, पण होता आईचाच. आणि शेवटच्या तकाला तिने हात वर उचलला आणि रोखून धरला. कुणी हलेना. मेणबत्तीची ज्योतसुद्धा उभीच्या उभी. आम्ही सगळे त्या वर धरलेल्या हाताकडे बघत होतो.

तक.

रदवाचा हात वरच होता. तक मशीनमधून आला. आतून, पत्र्यावर बोटांचा, स्पष्ट. आणि झाकण अलगद, आपलं आपण उघडलं.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर खोटं म्हटलं असतं. मागे अत्तियातच्या तोंडून असा एक जगरूता निघाला की खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली. महिनोन्‌महिने गिळलेलं सगळं त्या एका दमात बाहेर आलं. मग बाकीच्या बायका काय ऐकतात? टाळ्या, ताटं, चमचे, जे हाताला लागलं ते वाजायला लागलं.

मी मात्र मशीनपाशीच होतो. शाल सगळ्यांत वर होती. घडी घातलेली. आणि कोरडी, मदाम. पाण्यात घुसळलेल्या चादरींवर, कोरडी. रदवाने ती उचलून तोंडाला लावली. मी चादर बाहेर काढायला टोक धरून ओढलं. येईना. अडकली असेल म्हणून पुन्हा ओढली, तर दुसऱ्या टोकाने कुणीतरी ताण दिला, आणि चादरीला पीळ बसायला लागला.

टोक सोडून पळायला हवं होतं. पण सवय मेली! मनगटं आपोआप वळली. डावीकडे. इकडून मी, तिकडून... तिकडून जे होतं ते. चादर ताठ दोरखंड झाली आणि पाणी धो धो गळायला लागलं. मागे ते सगळं तांडव चाललेलं आणि मी अंधारात त्या भोकाकडे तोंड करून चादर पिळतोय आणि लहान पोरासारखा रडतोय. शेवटी दोन बारीक हिसके आले. पुरे झालं की सनीया तसेच द्यायची. मग टोक सुटलं. आत हात घालून बघितलं, नुसता गार पत्रा.

हाज्जा इन्साफ दारात आली तेव्हा अत्तियात काळ्या कपड्यांत कमरेला ओढणी बांधून नाचत होती. ती थबकली, शरमली, काहीतरी सांगायला गेली. हाज्जाने चपला काढल्या आणि म्हणाली, "अगं, मी जिन्यात रडवेली झाले होते, म्हटलं सून आणायला चाललेय की मयताला? सरका, मला जागा द्या." दुसऱ्या दिवशी लग्न असं वाजलं की गल्ली अजून नाव काढते. सनीयावरच्या दोनांतलं एक लग्न वाजलं, एक राहिलं. रदवाच्या खांद्यावर शाल होती. आता ती दोन मुलांची आई आहे, आणि त्या मशीनला मी नवं लॉक बसवलं ते अजून चालतंय, एकदाही कुरकुर नाही.

आणि हे जुनं मी इथे आणून टांगलं. दुरुस्त काय करणार? बिघडलेलंच नाही. गल्लीतून कुणाची वरात गेली की खिळ्यावर टकटकतं, सगळ्यांना सवय झालीय. वरात नसली की गप्प. इतकी वर्षं हाच नेम होता.

आज सकाळपासून मात्र... ऐकलंत? तुम्ही मघाशी दारातून आत आलात तेव्हा मोठ्याने झालं, मला वाटलं तुम्ही ऐकलंत म्हणूनच विचारलंत. गल्लीत आज वरात नाही. या पावसात कोण काढणार?

काय म्हणालात? तुमच्या मशीनचा प्लगही कालच काढून ठेवलाय? आणि तरी आतून...

आणि आत आहे काय? एकच चादर. मोठी. आणि घरात दुसरं टोक धरायला कुणी नाही.

थांबा, मदाम एकबाल, घाबरू नका, बसा. मला एवढंच सांगा. हा चहाचा ग्लास तुम्ही मघापासून डाव्या हातात धरलाय. तो उजवा हात दुखतोय म्हणून, की तुम्ही...

बघा. पुन्हा शेवटचा तक अडवला.